चौथ्या खणातला तांदूळ

३० सप्टेंबर, मंगळवार

ऊन असं की डोकं फुटेल. उद्या खंडेनवमी. संस्थेचा नियम: त्या दिवशी एकही यंत्र चालवायचं नाही, पुसायचं आणि पुजायचं. म्हणून पाच वाजता सर्व्हर स्वतः बंद केला. वर्षातून एकदाच त्याचा पंखा थांबतो. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

सुलभामावशी झाडू घेऊन दारात. संस्थेची झाडलोट, चहा, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. "मॅडम, माझी आय यातच ना?" दर वेळी विचारतात. चार वर्षांपूर्वी जाधव गुरुजींनी त्यांच्या गावी जाऊन म्हातारीचा आवाज घेतला. बोलीसंग्रहासाठी गुरुजी असे गावोगाव फिरतात. पुढच्याच वर्षी म्हातारी गेली. घरात तिचा धड फोटोसुद्धा नाही. मावशी दर शुक्रवारी कप विसळून झाले की हेडफोन लावून अकरा मिनिटं आईला ऐकतात.

"हो, याच चार डब्यांत," मी बोटाने डिस्का दाखवल्या. "नीट पुसा हं. दसऱ्याला सकाळी आलात की हे बटण दाबा, बाकी आपोआप होईल."

पिशवी उचलली नि निघाले सासरी, अलोऱ्याला. सासूबाईंचे दोन फोन येऊन गेलेत, कडाकण्यांचं पीठ भिजवायचं थांबवून ठेवलंय म्हणे माझ्यासाठी. एवढा मान कशाला देतात कळत नाही, मला लाटता येत नाहीत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वाट लागली.

बाराला पोचले. सर्व्हर चालू, वर झेंडूचा हार, समोर उदबत्तीची राख. छान वाटलं, खोटं कशाला लिहू. मग संग्रहाचं फोल्डर उघडलं. रिकामं. पुन्हा उघडलं. रिकामं. नऊ वर्षं, नऊ तालुके, चारशेच्या वर माणसं, आणि समोर पांढरी पाटी.

म्हटलं घाबरायचं नाही, कपाटात वायरीने जोडलेली बॅकअपची डिस्क आहे. ती उघडली. तीही रिकामी. इथे मात्र खुर्ची ओढून बसले.

मावशींना विचारलं, काय काय केलंत? त्या अभिमानाने सांगायला लागल्या! "चारी डबे ओढून काढले, ओल्या फडक्याने पुसले, पाटावर मांडले. हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पाया पडले नि परत घातले. तुम्ही मागे एकदा काढला होतात ना एक, बघितलेलं मी."

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी हातातलं फडकं घडी घालून ठेवलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच बोललात ना मॅडम, नीट पुसा. आणि आय आहे आत. तिला न पुजता कशी ठेवू?"

जेवले नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

थंड डोक्याने लिहून काढत्ये, म्हणजे तरी कळेल.

एक: चार डिस्का मिळून एक मोठा साठा केलेला. चौघी हजर असल्या तरच तो उघडतो. मशीनला तीनच दिसतायत. चौथ्या खणातली गैरहजर. ओल्या फडक्याने मेली बहुतेक.

दोन: बॅकअप. हे माझंच पिल्लू. रोज सकाळी अकराला आपोआप चालतं. मुळात जे आहे ते बॅकअपमध्ये ठेव, मुळात जे नाही ते बॅकअपमधून पुसून टाक, असा हुकूम मी लिहिलेला. दसऱ्याला मावशींनी बटण दाबलं, साठा उघडलाच नाही, अकराला या शिंच्याने बघितलं की मूळ रिकामं. मग इमानेइतबारे बॅकअपही रिकामा केलान्. मूळ रिकामं दिसलं तर थांब, ही एक ओळ लिहायची राहिली. राहिली कसली, कंटाळा केला. आणि ती डिस्क नव्या पद्धतीची, त्यावरचं एकदा पुसलं की पुसलं.

सचिवसाहेबांचा फोन. "कसं झालं हे?"

"साफसफाईत डिस्का हलल्या."

"कोणी हलवल्या?"

"सुलभामावशींनी."

बॅकअपचं बोलले नाही. जीभच वळली नाही. साहेब म्हणाले, "मग दिवाळीनंतर येऊ नका सांगतो त्यांना. असली माणसं यंत्राजवळ नकोत." मी "हं" म्हटलं. हं म्हणजे काय? हो की नाही?

५ ऑक्टोबर, रविवार

मंदारला फोन. पॉलिटेक्निकपासूनचा मित्र, मुंबईत असल्याच यंत्रांवर नोकरी करतो. मी बोलायला लागायच्या आधीच, "सर्व्हर चालू आहे की बंद?"

"चालू."

"वीणे, आधी बंद कर. मग बोल."

बंद केला. त्याने तीन गोष्टी बजावल्या. दुरुस्तीची एकही आज्ञा द्यायची नाही. मूळ डिस्कांवर एक अक्षर लिहायचं नाही. आधी चारींच्या हुबेहूब प्रती काढायच्या, आणि जे काय प्रयोग करायचे ते प्रतींवर. "चौथीला शेवटी हात लाव, ती मरायला टेकली असेल तर तिला घाई सोसणार नाही." चार कोऱ्या डिस्का तो बसने पाठवतोय.

बरं झालं त्याला आधी विचारलं. सर्व्हर ज्याच्याकडून घेतला त्या माणसाला काल फोन केला होता, तो म्हणतो, "मॅडम, इनिशियलाइझ करून टाका, एकदम नवा होईल." होईल बाबा. नवा कोरा होईल, आतलं सगळं पुसून. तुझं काय जातंय!

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन नुसती बसले. मावशींनी दोनदा म्हटलं होतं, आयचा आवाज मोबाईलात घालून द्या. दोन्ही वेळा मी "देत्ये" म्हटलं. पाच मिनिटांचं काम. लाज वाटत्ये.

६ ऑक्टोबर, सोमवार

जाधव गुरुजी आले. मीच बोलावलं, फोनवर सांगायची हिंमत नव्हती. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, यांनी स्कूटर काढली आणि मंडणगडपासून राजापूरपर्यंत माणसं बोलती केली.

सगळं सांगितलं. बॅकअपचंसुद्धा. त्यांना खोटं सांगता येत नाही, समोर बसून चष्मा पुसत राहतात.

विचारलं, तुमच्या रेकॉर्डरच्या कार्डात काही शिल्लक? म्हणाले, "नाही गो. एकच कार्ड होतं. तुमच्याकडे दिलं की पुसून पुढच्या गावाला. तुमचं यंत्र होतं ना."

होतं ना! माझा चेहरा बघून त्यांनीच उलट मला समजावलं. वह्या आहेत, कोण कधी काय बोललं त्याच्या नोंदी आहेत. "पण वीणाताई, वहीत शब्द आहे. त्याचा हेल नाही. लांज्याची बाई आणि गुहागरची बाई 'काय गो' म्हणते, ते लिहून एकच दिसतं."

जाताना दारात थांबले. "मिळेल. मला वाटतंय मिळेल." कशावरून वाटतंय ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाटू दे कोणाला तरी.

८ ऑक्टोबर, बुधवार

डिस्का आल्या. बस स्टँडवरून छातीशी धरून आणल्या. पहिल्या डिस्कची प्रत सुरू. आकडा पुढे सरकतोय, सरकतोय, मी बघत्ये. दुपारपर्यंत निम्मं.

मावशी खोलीत येत नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच चहा सरकवतात, परीक्षेच्या पर्यवेक्षकाला देतात तसा. चहात साखर बरोबर असते. त्यानेच जास्त लागतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली पूर्ण. एकही अडथळा नाही. दुसरी लावली. सचिवसाहेब डोकावून गेले, "काही आशा?" म्हटलं, "आहे."

खरंच आहे का? पहिली तर धडधाकट निघाली. म्हणजे ओल्या फडक्याने मेली नाही. मग चौथीच का मरावी?

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरी, तिसरी पूर्ण. दोन्ही ठणठणीत.

आता ऐक बाई, काय झालं ते.

चौथीची पाळी. खणाची कडी दाबली, ओढली, आणि हातात पोकळ खोका आला. आत डिस्कच नाही! आमच्या सर्व्हरला सहा खण. चारांत डिस्का, खालच्या दोनांत नुसते पोकळ खोके, धूळ जाऊ नये म्हणून. बाहेरून सहाही सारखे. आठ दिवस मी जी मेली म्हणून सुतक धरून बसले होते, ती तिथे नव्हतीच.

"मावशीऽऽ!"

त्या उंबऱ्यावर आल्या, घाबरून. म्हटलं आत या, रागावत नाही. चौथा डबा कुठे घातलात?

"ह्यात जाईना. रेटला तरी थोडा बाहेरच राही. मग खालचा सहावा काढला नि त्याच्या जागी हा घातला. तो बरोबर बसला. सहाव्याचा पोकळ डबा वर ह्या चौथ्यात घातला. घर रिकामंच होतं ना?"

टॉर्च लावून चौथ्या खणात बघितलं. अगदी आत, जिथे डिस्कचं तोंड टेकतं तिथे, हळद लागलेला तांदळाचा एक दाणा. अक्षता! चिमट्याने काढला. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या. मला हसू फुटलं, आठ दिवसांत पहिल्यांदा. मावशी हसल्या नाहीत. पण आत आल्या होत्या, परत बाहेर गेल्या नाहीत.

सहाव्यातली काढली. तिच्या कडेला कुंकवाचं बोट. कॉपीला लावली. फिरत्ये! आवाज करत्ये, कण्हते मध्येमध्ये, पण वाचत्ये.

मावशी म्हणाल्या, "भिजली असेल तर तांदळात ठेवू या? मोबाईल ठेवतात तसा."

"नको! तांदूळ पुरे झाला."

१२ ऑक्टोबर, रविवार

घरी बसवेना म्हणून आले. चौथी म्हातारी झालीय, जागोजागी अडते. मंदारने सांगितल्याप्रमाणे अडली की तेवढं सोडून पुढे जायचं, सोडलेल्या जागांकडे नंतर परत यायचं. बरंचसं वाचून झालं. उरलेल्या जागा एकशे बारा.

वेळ होता म्हणून माझी जुनी फाईल उघडली, साठा कसा जोडायचा ते मशीनला सांगणारी. आणि तिथे ती ओळ. मीच लिहिलेली. पहिल्या चार खणांत बघ, बाकी कुठे ढुंकूनही बघू नकोस.

म्हणजे सहाव्या खणातली डिस्क मशीनला पहिल्या दिवसापासून दिसत होती. मी सांगितलेलं, तिला ओळख देऊ नकोस.

प्रत्येक डिस्कच्या पोटात तिचं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं. लांबलचक, दुसऱ्या कोणाचं नसेल असं. त्या नावाने हाक मारायची, मग ती कुठल्याही खणातून ओ देते. हे मला माहीत आहे. मी मुलांना शिकवते हे, शिबिरात! आणि स्वतः लिहिताना खणांचे पत्ते लिहून मोकळी झाले, कारण तेव्हा कोणीतरी पेन ड्राइव्ह लावून घोळ घातला होता आणि मला राग आला होता.

मावशींनी काहीच मोडलं नाही. डबा रिकाम्या घरात ठेवला, नीट बसवून. बाकी सगळं मी.

उद्या साहेबांकडे जायचं. आत्ताच लिहून ठेवत्ये, म्हणजे सकाळी पळवाट काढता येणार नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

गेले. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ओळ माझी, बॅकअपचा हुकूम माझा, आठ दिवस गप्प बसले तेही माझंच. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्यांनी डिस्का काढल्या ना पण?"

"मी नीट पुसा म्हटलं होतं, साहेब. बोटाने दाखवून. काढू नका म्हटलं नव्हतं."

"लेखी द्या."

दिलं. तिथेच बसून, सही करून. साहेबांनी वाचलं, घडी घातली, टेबलाच्या खणात ठेवलं. "सुलभाबाईंचं मागे घेतो. तुमचं कार्यकारिणीत ठेवावं लागेल." ठेवा म्हटलं. नोकरी जाईल? जाईलसं वाटत नाही. वाटलं तरी मागे घेणार नव्हते. हलकं वाटतंय, आणि धास्तीही आहे, दोन्ही एकदम.

मावशींना सांगितलं. म्हटलं, चूक माझी होती, तुमच्यावर उगाच ओरडले, माफ करा. त्या कप विसळत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मग आठ दिवस मी काय देवाला सांगत होते माहित्ये? की माझ्या हाताने माझी आय पुसली गेली."

मला रडू आलं. त्या वळल्या, ओला हात पदराला पुसला नि माझ्या पाठीवर ठेवलानी. "गप गो बाय. चहा घे."

मॅडम नाही. बाय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तीन प्रती लावल्या, चौथीची जेवढी झाली तेवढी लावली. मूळ डिस्का कपाटात. ती ओळ काढली, खणांच्या जागी नावं लिहिली. मंदार फोनवर. मुद्दाम प्रती उलटसुलट खणांत घातल्या: पहिली पाचव्यात, चौथी पहिल्यात. बघू तर खरं.

"फक्त वाचण्यापुरता उघड," मंदार.

"कळतं मला."

"कळतं म्हणूनच सांगतोय."

बटण. पंखा. मग एकेक नाव पडद्यावर. एक. दोन. तीन. मग काहीच नाही. चार!

फोल्डर उघडलं. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. नऊच्या नऊ. मी किंचाळले असणार, कारण साहेब पळत आले आणि मंदार फोनवर "काय झालं, काय झालं" ओरडत होता.

सहज एक लावलं. लांज्याची एक म्हातारी कोंबडीवर खेकसत्ये आणि मागे गुरुजी हसतायत. गुरुजींना फोन लावून तसाच फोन स्पीकरला धरला. पलीकडे त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग, "हीच ती. हिने मला त्या दिवशी कुळीथाची पिठी वाढली होती."

१५ ऑक्टोबर, बुधवार

सगळ्या फाईली तपासत्ये. बहुतेक सगळ्या धड. चौथ्या डिस्कवर न वाचलेल्या जागा आहेत, तिथल्या सात फाईलींत मध्ये शांतता. आवाज चालतो, थांबतो, पुन्हा चालतो.

सातातली एक मावशींची आय. दुसरी कुठली असती तर चाललं असतं का? नसतंच चाललं. पण हीच कशी?

सांगितलं त्यांना. ऐकवलं. म्हातारी आपल्या शेताच्या कोपऱ्यांची नावं सांगत्ये. त्यांच्याकडे भाताच्या एकेका तुकड्याला कोपरा म्हणतात आणि प्रत्येकाला नाव. "वरचा लांबडा. मग आंब्याखालचा. मग..." इथे पन्नास सेकंद काही नाही. मग एकदम हसते नि म्हणते, "आता ही नावं कोण घेतो?"

मावशींनी हेडफोन काढला. "मधली चार नावं गेली. मला येतात. बारक्या, देवाचा, पाणथळीचा आणि..." थांबल्या. "आणि... शेवटचा कडेचा. काय बोलायची त्याला?" डोळे मिटून बसल्या. चहाची वेळ टळली. नाही आठवलं. "दर शुक्रवारी ऐकत्ये गो, आणि नाव तिनेच घ्यायचं म्हणून मी कधी लक्षात ठेवलंच नाही."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मूळ चौथी परत लावली, उरलेल्या जागांसाठी. पुन्हा पुन्हा त्याच जागी जायचं, कधी वाचते, कधी नाही. मंदार म्हणतो, थंड खोलीत ठेव, घाई करू नकोस, म्हाताऱ्या माणसाला विचारतो तसं विचारत राहा. काल सत्तावन्न उरल्या होत्या. आज एकतीस. सातातल्या तीन फाईली पूर्ण जुळल्या. मावशींची अजून नाही, पण शांतता पन्नास सेकंदांवरून बावीसवर आली. 'बारक्या' ऐकू आला! 'देवाचा' पण. मावशींनी टाळी वाजवली.

आजवर जेवढं परत आलं त्याच्या दोन प्रती काढल्या. एक गुरुजींच्या घरी राहील. बॅकअपच्या हुकुमात राहिलेली ओळ लिहिली. खणांवर आकडे घातले, मावशींच्याच हाताने, मार्करने. पुढच्या खंडेनवमीला हार फक्त बाहेरून, असं आमचं ठरलं. अक्षता फुलांच्या परडीत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. मावशी दिवाळीला गावी निघाल्या. भात कापायला आलंय, भावाला हात हवेत. निघायच्या आधी आल्या, कप विसळले, हेडफोन लावला. शुक्रवार आहे ना.

त्यांच्या मोबाईलमध्ये आय घातली, आहे तेवढी. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गुरुजीही आले होते. त्यांनी पिशवीतून रेकॉर्डर काढला नि मावशींच्या हातात दिलानी. कार्ड नवं घातलंय. "कोपऱ्यांवर उभ्या राहा आणि एकेकाचं नाव तुम्हीच घ्या. आता ही नावं कोण घेतो विचारलंय ना आईने?"

"मला नाय येत बोलायला त्याच्यात."

"तिलाही येत नव्हतं. सुपात तांदूळ पाखडत बोलत होती."

मावशींनी रेकॉर्डर पदरात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला. शेवटच्या कोपऱ्याचं नाव त्या आपल्या आत्तेला विचारणार आहेत. आत्ते पार थकलीय, माणसं ओळखत नाही. पण शेत ओळखते म्हणे.

दारात मला चिडवून गेल्या, "बघू गो बाय, आधी कोणाला आठवतंय, माझ्या आत्तेला का तुझ्या डब्याला."

चारला पुन्हा बघितलं. डिस्क चालू आहे, कण्हते मध्येमध्ये. उरलेल्या जागा एकोणतीस. शांतता अठरा सेकंद.